वांझ मादी नव्हती, नराला ऊन लागलं होतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर ससेपालनाची माहिती आली होती. सात माद्या आणि तीन नरांचं युनिट घ्या, एक मादी वर्षाला पन्नास पिल्लं देते, जागा थोडी लागते, घरातल्या बायामाणसांना सहज जमतं, असं त्यात होतं. आमच्या गल्लीतल्या दोन मुलांनी ते कात्रण माझ्याकडे आणलं आणि विचारलं, काका, पुढच्या महिन्यात युनिट आणावं का? मी त्यांना थांबवलं. का थांबवलं ते आपल्या सगळ्या वाचकांना कळावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबलं तरी छापावं, ही विनंती.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं मेकॅनिक होतो. २०२० साली निवृत्त झालो. घरामागे गाईचा गोठा आहे, त्याला लागून पत्र्याची शेड मारली आणि २०२१च्या दिवाळीनंतर एक युनिट आणलं. विकणाऱ्याने पिल्लं परत घेण्याचा लेखी शब्द दिला होता. दोन खेपा नेल्या, मग फोन उचलणं बंद केलं. तो विषय इथे वाढवत नाही, कारण आमच्या भागात तो अनुभव घरोघरी आहे. मला सांगायचं आहे ते वेगळंच. पिल्लं विकायची कुठे हा प्रश्न पुढचा, आधी ती व्हायला तर हवीत.

पहिला हिवाळा चांगला गेला. डिसेंबरात माद्या लावल्या, जानेवारीत सातातल्या पाच व्यायल्या. कुणाला पाच, कुणाला सात पिल्लं. मला वाटलं, जमलं आपल्याला. एप्रिलमध्ये सातही माद्या पुन्हा लावल्या. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीच्या पिंजऱ्यात सोडायचा नाही, हे मी शिकलो होतो. आपल्या जागेत मादी नराला ओरबाडते, आणि नर परक्या जागेत हुंगत बसतो. संयोग झाला की नर एकदम कुशीवर कोसळतो आणि बारीक आवाज काढतो. तसं प्रत्येकीच्या वेळी झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. कालनिर्णयवर तारखा लिहिल्या. एकतीस दिवस मोजले. एकही व्यायली नाही. मे महिन्यात पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. मग मृगाचा पाऊस झाला, हवा गार झाली, म्हटलं आता तरी होईल. जूनच्या मध्याला लावलेल्याही रिकाम्याच राहिल्या.

नर काम करतो आहे हे दिसत होतं. मग दोष कुणाचा? माद्यांचा. मी गाईच्या हिशेबाने चाललो होतो. गाय भरवली, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली, की आपण म्हणतो उलटली. तीन-चारदा उलटली की बाजार दाखवतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला सांगत होता, वांझ आहेत, काढून टाक. वांझ हा शब्द माझ्या पत्नीने आमच्या घरात बोलू दिला नाही. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या सहा वर्षांत तिने तो फार ऐकला आहे. तरीही मी जूनच्या अखेरीला दोन माद्या काढल्या. करडी मटणवाल्याला दिली. ढवळी शिराळ्याकडच्या एका शिक्षकांनी नेली, मुलांना पाळायला हवी म्हणून.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या गुरुजींचा फोन आला, ढवळी व्यायली, सहा पिल्लं आहेत. मी बस धरून बघायला गेलो. जुनं कौलारू घर, मातीच्या भिंतींचा गोठा, वर फणसाची सावली. तिथे त्यांचा आधीचा एक नर होता. एकदा लावली आणि पहिल्याच वेळी फळली. खोक्यात केसांच्या गादीखाली सहा पिल्लं एकमेकांवर चढून झोपलेली पाहिली आणि मला करडी आठवली. ती माझ्या चुकीने गेली. हे मी आजही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माद्यांबद्दल काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न, नर कुठे ठेवता? मी म्हटलं, पत्र्याखाली. उन्हाळ्यात दुपारी किती तापतं? मी कधी मोजलं नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान तिशीच्या वर राहू लागलं की नराचं बीज खराब व्हायला लागतं. नर लावतो, कोसळतो, सगळं नेहमीसारखं दिसतं, पण बीजात जीव नसतो. आणि नवं बीज तयार व्हायला जवळजवळ सात आठवडे लागतात. म्हणजे मे महिन्यातल्या उन्हाचं नुकसान जून-जुलैत दिसतं, पाऊस पडून हवा गार झाल्यावरही. मी गार हवेत लावलेल्या माद्या रिकाम्या का राहिल्या त्याचं उत्तर हे होतं. इंजिनात जुनं खराब तेल शिल्लक असताना मी वरून नवीन फिल्टर बसवत होतो.

दुसरा प्रश्न खाद्याचा. मी गाईच्या पोत्यातलीच सरकी पेंड सशांना मूठमूठ घालत होतो, पौष्टिक म्हणून. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते नराच्या बीजाला मारक आहे. गाय रवंथ करणारी, तिच्या पोटात त्याचा जोर बराच कमी होतो. सशाचं पोट तसं नाही. गाईला चालतं ते सशाला चालेल हे मी गृहीत धरलं होतं. शेंगदाणा पेंडीला जरा जरी बुरशी लागली असेल तर तीही टाकून द्यावी, बुरशीचं विष माद्यांना गाभडवतं. सुबाभळीचा पाला आमच्याकडे फुकट मिळतो म्हणून मी भारा भारा टाकायचो. त्यातल्या मिमोसीनमुळे जास्त खाल्लं तर केस गळतात आणि जनावर खंगतं. आता सुबाभूळ चाऱ्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी ठेवतो. बाकी लसूणघास, हादगा, मक्याचा हिरवा पाला, आणि कडबा कायम पुढ्यात.

तिसरी गोष्ट मी त्यांना स्वतःहून सांगितली. मे महिन्यात एका मादीने सतराव्या दिवशी छातीचे केस उपटून कोपऱ्यात घरटं केलं होतं आणि मग काहीच नाही. मला वाटलं गाभ टाकला असेल, म्हणून पिंजऱ्याखालची सगळी माती चाळून पाहिली होती. डॉक्टर म्हणाले, ती खोटी गाभण. सशाच्या मादीला गाईसारखा ठरलेला माज नसतो. मांजरीसारखं आहे, नर लागला की त्यानंतर दहा-बारा तासांनी बीजांड सुटतं. बीजांड सुटलं आणि नराचं बीज मात्र मेलेलं असलं, तर शरीर आपलं गाभण असल्यासारखं वागत राहतं. सोळा-सतरा दिवस हे चालतं. त्या दिवसांत मादी नराला जवळ येऊ देत नाही. आणि मी तेवढ्यात एकदा नराकडे नेऊन बघायचो, तिने हाकलला की खूश व्हायचो, भरली म्हणून. उलट काही माद्या खरोखर गाभण असतानाही नराला घेतात. तेव्हा नराकडे नेऊन गाभण ओळखायची पद्धत सोडून द्यावी.

ओळखायचं कसं ते त्यांनी टेबलावर एक मादी ठेवून माझा हात धरून दाखवलं. लावल्यापासून बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, मादीला गोणपाटावर बसवायचं म्हणजे पाय घसरत नाहीत. एका हाताने मानेवरची कातडी धरून तिला शांत करायचं. दुसरा हात पोटाखाली, मागच्या पायांच्या पुढे. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि दाब अगदी नावाला. तासगावकडच्या द्राक्षाच्या मण्याएवढ्या मऊ गाठी बोटांखालून सुळकन सरकतात. पहिल्यांदा मला लेंड्याच हाताला लागल्या. त्या लहान, कडक असतात आणि पाठीच्या कण्याच्या बाजूला लागतात. गर्भ मऊ असतो आणि खाली असतो. मला ते बोटांना कळायला दोन महिने लागले. आता माझी पत्नी माझ्यापेक्षा अचूक सांगते, चार आहेत की सहा. चौदाव्या दिवशी रिकामी सापडली की तिच्या तारखेला कालनिर्णयवर फुली मारतो. खोट्या गाभणीचे दिवस संपले की ती पुन्हा लावता येते, एकतीस दिवस वाट बघत बसावं लागत नाही.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी त्याच नरांनी, त्याच उरलेल्या पाच माद्या फळवल्या. पाचही. सरकी बंद केली होती आणि ऊन संपून पुरेसे दिवस गेले होते. औषध एक रुपयाचंही लागलं नाही.

तेव्हापासून नरांची सोय मी आधी बघतो. तीन नर गोठ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला, कडुनिंबाखाली हलवले. पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, बाजूंनी गोणपाट, दुपारी दोनदा भिजवायचं. साधं भिंतीवरचं थर्मामीटर लावलंय. पहिल्या मे महिन्यात दुपारी पाचटाखाली पस्तीस आणि शेजारच्या उघड्या पत्र्याखाली त्रेचाळीस दाखवत होतं. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्यांत पाणी भरून रात्री बर्फ करतो आणि दुपारी एकेका पिंजऱ्यात एक आडवी ठेवतो. नर तिला अंग लावून पसरतो, कान बाटलीवर टाकतो. ते बघितलं की कळतं त्याला किती होत असेल. एवढं करूनही एप्रिलच्या मध्यापासून मी माद्या लावत नाही. ज्यांच्याकडे शेड थंड राहते त्यांनी लावाव्यात, आमच्या विट्याच्या उन्हात माझी हिंमत होत नाही. शिवाय उन्हाळ्यात व्यायलेल्या मादीचं दूधही उन्हाने आटतं, आणि पिल्लं खोक्यात उकडतात.

आता त्या पन्नास पिल्लांबद्दल. एकतीस दिवस गाभण, पाच आठवडे अंगावर पाजणं, मध्ये थोडी विश्रांती, वर उन्हाळ्याचे तीन महिने रिकामे. गेल्या वर्षी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या मादीची चार वेतं झाली आणि जगून विकण्याजोगी एकवीस पिल्लं हाती आली. मी मन लावून करतो, तरी एकवीस. पन्नासाच्या भरवशावर कुणी कर्ज काढलं तर ते कुठून फेडणार? मादीला श्वास घेऊ न देता लगेच लावत राहिलं तर आकडा वाढेल, पण ती वर्षभरात हाडं होते आणि पिल्लं टाकून देते. हे मी दुसऱ्याच्या शेडमध्ये पाहिलं आहे.

मेलेल्या पिल्लांचंही लिहितो, कारण नवीन माणूस तिथेच खचतो. पहिल्याच जानेवारीत पहिलटकरणीने चार पिल्लं खोक्याबाहेर जाळीवर टाकली. सकाळी सहाला दगडासारखी गार होती. मी फेकायला निघालो होतो. पत्नीने त्यातली दोन पदरात घेतली, चुलीजवळ बसून तळहातात धरून राहिली. तासाभरात एकाने तोंड उघडलं, मग दुसऱ्यानेही. दोन्ही जगली. तेव्हापासून गार पडलेलं पिल्लू ऊब देऊन बघितल्याशिवाय मेलं असं आम्ही म्हणत नाही. जन्मतः ती उघडी असतात, डोळे मिटलेले, वजन जेमतेम पन्नास ग्रॅम. रानातल्या सशाची पिल्लं केसांसह आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात, हा ससा वेगळा. त्याला पहिले दहा-बारा दिवस घरटं म्हणजे सगळं काही. आम्ही आंब्याच्या लाकडी पेट्या पुढून थोड्या कापून खोके करतो, आत सुताराकडच्या ढलप्या आणि वाळलेलं गवत. अठ्ठाविसाव्या दिवशी ठेवायचा. फार आधी ठेवला तर मादी त्यात लेंड्या टाकून घाण करते. विण्याच्या रात्री पाणी संपलेलं नको. तहानलेली मादी पिल्लं खाते, हे मी एकदा पाहिलं आणि पुन्हा कधी होऊ दिलं नाही.

मादी पाजत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात. सशाची आई दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे. बाकी वेळ ती लांब बसते. तिला धरून धरून खोक्यात बसवू नका. सकाळी पिल्लू उलटं करून पोट बघा. गोल टुमटुमीत असेल, कातडीतून पांढरं दूध दिसत असेल, तर पाजलंय. पोट सुरकुतलेलं दिसलं तरच हालचाल करा. म्हणूनच मी दोन-तीन माद्या एकाच दिवशी लावतो. एकीला दूध कमी पडलं किंवा नऊ झाली तर दोन-तीन पिल्लं दुसरीखाली सरकवता येतात. माणसाचा हात लागला तर आई घेत नाही असं म्हणतात. मी मादीच्या अंगाखालच्या गवतात हात चोळून घेतो आणि पिल्लं रोज हाताळतो, एकदाही कुणी टाकलेली नाहीत.

आणखी एक प्रकार दोनदा पाहिला. जोडी म्हणून विकलेले दोघेही नर निघाले. माणूस आठ महिने पिल्लांची वाट बघत होता. लहानपणी ओळखायला कठीण असतं, पण तीन महिन्यांनंतर नराच्या गोळ्या, म्हणजे वृषण, दिसतात. तेव्हा त्या वयाची जनावरं घ्यावीत आणि घेताना स्वतः उलटी करून बघावीत. एकाच वेताची भावंडं जोडी म्हणून घेऊ नयेत. माझ्या पहिल्या युनिटमधले दोन नर आणि तीन माद्या एकाच आईच्या होत्या, हे मला पुढे कानावरच्या खुणांवरून कळलं.

औषधांबद्दल एकच, पण अगदी कळकळीने. मादी उलटली किंवा तिच्या अंगावरून घाण जात असली म्हणून घरातली माणसांची गोळी फोडून तोंडातून देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं सशाला तोंडातून दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि हगवण लागून ससा दगावतो. नाक वाहणं, जननेंद्रियावर खपली, नराच्या गोळीला सूज, असं काही दिसलं तर त्या जनावराला एकाही जोडीदाराकडे न्यायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. एक आजारी नर सगळी शेड बिघडवतो.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. वर्षाला किती पिल्लं हा आकडा छापताना आपल्या भागातला उन्हाळा धरून छापावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये युनिट घ्या असं कुणाला सुचवू नये. नवी जनावरं प्रवासाने दमलेली असतात, ती बसेपर्यंत ऊन येतं आणि पहिले पाच-सहा महिने कोरडे जातात. घ्यायचीच असतील तर दसऱ्यानंतर घ्यावीत. तिसरी मागणी, शेतीच्या पानावर दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी पशुवैद्यांकडून नरांच्या उन्हाळी निगेवर चार ओळी लिहून घ्याव्यात. कोंबड्यांसाठी, गाईंसाठी आपण लिहिताच. सशांसाठी कुणी लिहीत नाही, आणि चांगल्या माद्या मटणाला जातात.

त्या दोन मुलांना मी माझं जुनं कालनिर्णय दाखवलं, एप्रिल ते जुलैच्या सगळ्या फुल्यांसह. ती आता रोज संध्याकाळी शेडवर येतात, बोटांनी गाठी ओळखायला शिकताहेत. शिराळ्याच्या गुरुजींनी मला ढवळीच्या वेतातली एक पाट, म्हणजे मादी पिल्लू, दिली होती, तिचा आज सत्ताविसावा दिवस आहे. पत्नीला पोटात सहा लागली, मला पाच. खोका उन्हात वाळवून ठेवलाय, उद्या सकाळी आत ठेवू.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
विटा, जि. सांगली